‘मोर बिजली’ आणि ‘माझी वसुंधरा’ : घरातल्या सवयी, मोबाईलमधले आकडे

छत्तीसगडी बोलीत ‘मोर’ या शब्दाचा पक्ष्याशी काही संबंध नाही; त्याचा अर्थ माझा, माझी, माझे असा होतो. छत्तीसगड राज्य वीज वितरण कंपनीने ग्राहकांसाठी जे मोबाईल ॲप काढले त्याचे नाव ‘मोर बिजली’ आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी जे पर्यावरणविषयक अभियान सुरू केले त्याचे नाव ‘माझी वसुंधरा’ आहे. दोन शेजारी राज्यांतील दोन सरकारी यंत्रणांना आपल्या उपक्रमांचे बारसे करताना एकच सर्वनाम सुचावे, हा योगायोग असला तरी तो अर्थपूर्ण आहे, कारण वीज, पाणी, इंधन या गोष्टी नागरिकाला ‘माझ्या’ वाटल्या की तो त्या जपून वापरील, अशी श्रद्धा दोन्ही नावांच्या मुळाशी आहे. ही श्रद्धा कितपत खरी ठरते, मोबाईल, स्मार्ट मीटर, संदेश आणि ॲप यांसारखी डिजिटल साधने ग्राहकाच्या हाताला कमी कार्बनचे वळण लावू शकतात का, आणि लावू शकत असतील तर नेमकी कोणत्या अटींवर, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे; आणि तो रायपूरच्या तेलीबांधा परिसराला समोर ठेवून मांडला आहे.

आरंभी एका संज्ञेचा खुलासा करणे आवश्यक आहे. ‘कमी कार्बनची सवय’ याचा अर्थ ज्या कृतीमागे कार्बन डायऑक्साइड हा वायू तुलनेने कमी बाहेर पडतो ती कृती वारंवार, विचार न करता, अंगवळणी पडल्यासारखी होणे. घरगुती जीवनात हा वायू मुख्यतः तीन वाटांनी बाहेर पडतो : वीज, स्वयंपाकाचा गॅस आणि वाहनाचे इंधन. पेट्रोलचा एक लिटर जळला की सुमारे २.३ किलो, आणि १४.२ किलोचा गॅस सिलिंडर संपला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विजेचा हिशेब थोडा आडवळणाचा आहे, कारण वीज घरात जळत नाही, ती दूर कुठेतरी कोळसा जाळून तयार झालेली असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जी आकडेवारी प्रसिद्ध करते तिच्यानुसार भारतीय वीजजाळ्यातील एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो. रायपूरकराला हे ‘दूर कुठेतरी’ फार दूर नाही. ईशान्येला हसदेव नदीकाठी कोरबा आहे, तेथे १९८३ पासून चालू असलेले एनटीपीसीचे २,६०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे, आणि त्याच जिल्ह्यात गेवरा ही देशातील सर्वांत मोठ्या कोळसा खाणींपैकी एक खाण आहे. पुण्यामुंबईच्या घरात दिवा लावणाऱ्या माणसाला कोळसा ही कल्पना करून पाहायची गोष्ट असते. छत्तीसगडात ती मालगाडीच्या वाघिणींतून डोळ्यांसमोरून जाते.

या विषयात पाऊल टाकताना एक शंका मनात बाळगणे हिताचे आहे. ‘कार्बन फुटप्रिंट’, म्हणजे एका व्यक्तीच्या जगण्यापायी हवेत जाणाऱ्या कार्बनचे माप, ही कल्पना जगभर लोकप्रिय करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्यांत बीपी ही तेलकंपनी होती. २००४ च्या सुमारास तिने लोकांना आपापला फुटप्रिंट मोजण्याचे संगणकीय साधन उपलब्ध करून दिले. तेल विकणाऱ्याने तेल वापरणाऱ्याला आरसा दाखवावा, यातील खोच टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही. भारतातही देशाच्या एकूण वीजवापरात घरांचा वाटा साधारण एक चतुर्थांश आहे, बाकीचा उद्योग, शेती, व्यापार आणि रेल्वे यांचा. रायपूरच्या वेशीवर उरला आणि सिलतरा येथे लोखंड-पोलादाचे जे कारखाने धडधडतात त्यांच्यापुढे तेलीबांध्यातल्या एका सदनिकेचा कूलर किस झाडकी पत्ती, असे कोणी म्हटले तर त्याला चूक म्हणता येणार नाही. शिवाय सरासरी भारतीयाच्या वाट्याला वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड येतो आणि सरासरी अमेरिकनाच्या वाट्याला त्याच्या सहासात पट. तरीही हा विषय सोडून देण्याजोगा ठरत नाही, कारण ज्या मध्यमवर्गीय घरांत आज दोन कूलर आहेत त्यांत उद्या दोन एसी असणार आहेत, आणि सवय एकदा जडली की ती मोडण्यापेक्षा जडताना वळवणे स्वस्त पडते.

तेलीबांधा हे नाव तेली आणि बांधा, म्हणजे बांध घालून अडवलेले पाणी, या दोन शब्दांचे. जी. ई. रोडलगतच्या या तलावाचे सुशोभीकरण झाले, काठाने फरसबंद वाट झाली, दिवे लागले, खाण्याचे ठेले आले आणि शहराने त्या काठाला ‘मरीन ड्राईव्ह’ असे नाव देऊन टाकले. संध्याकाळी तेथे फिरायला येणाऱ्यांच्या मनगटावर किंवा खिशात पावले मोजणारे ॲप असते आणि ते दहा हजारांचा आकडा गाठल्यावर अभिनंदन करते. ज्या गाडीत बसून माणूस तलावापर्यंत आला ती गाडी मात्र त्या मोजणीत कोठेच येत नाही. डिजिटल साधनांच्या मर्यादेचे याहून बोलके चित्र शोधायला फार लांब जाण्याची गरज नाही. ॲप तेच मोजते जे मोजायला त्याला सांगितलेले असते.

याच परिसरात दुसरी एक खूण आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. रायपूरहून धमतरीकडे जाणारी अडीच फुटी रुळांची आगगाडी, जिला लोक ‘छोटी लाईन’ म्हणत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली होती आणि तेलीबांधा हे तिच्यावरील एक स्थानक होते. रायपूर ते केंद्री हा तिचा तुकडा उखडला गेला आणि त्या जागेवरून आज एक्सप्रेस वे धावतो. त्या बाजूच्या गावांसाठी रेल्वे पुन्हा आली ती मोठ्या रुळांवर आणि वळसा घालून. ३० मार्च २०२५ रोजी अभनपूर–रायपूर मेमू गाडीला मंदिर हसौदमार्गे सुरुवात झाली, पण शहराच्या पोटातून जाणारी जुनी वाट गेली ती गेलीच. आता समजा, एखाद्या नकाशा-ॲपने तेलीबांध्याच्या रहिवाशाला ‘कमी इंधनाचा मार्ग’ दाखवला, आणि तशी सोय गूगल मॅप्सने भारतात आणलीही आहे, तर ते ॲप त्याला दोन रस्त्यांपैकी एक निवडायला सांगेल. उखडलेला रूळ ते दाखवू शकणार नाही. नवा रायपूरकडे २०१६ च्या अखेरीपासून धावणाऱ्या जलद बससेवेसारखी एखादी सोय अस्तित्वात असेल, तरच तिची वेळ सांगणारा संदेश उपयोगाचा. बस नसलेल्या थांब्यावर बसची वेळ सांगणारे ॲप काय करील? प्रवासाच्या बाबतीत म्हणूनच प्रस्तुत व्याख्यानाला फारशी आशा बाळगता येत नाही. तेथे सवय घडवतो तो रस्ता, फोन नव्हे.

विजेची गोष्ट वेगळी आहे. वीज वापरणारा हात आणि विजेचे बटण एकाच घरात असतात, पर्याय त्याच क्षणी उपलब्ध असतो, आणि म्हणूनच माहिती दिल्याने वागणूक बदलते का याचे सर्वांत काटेकोर प्रयोग याच क्षेत्रात झाले. अमेरिकेत २००७ मध्ये स्थापन झालेल्या ओपॉवर या कंपनीने वीजग्राहकांना त्यांच्या वापराची तुलना आसपासच्या तशाच घरांशी करून दाखवणारी पत्रे पाठवायला सुरुवात केली. अर्थशास्त्रज्ञ हंट ऑलकॉट यांनी सुमारे सहा लाख घरांच्या माहितीवरून २०११ मध्ये जो निष्कर्ष मांडला त्यानुसार या पत्रांमुळे वीजवापर सरासरी दोन टक्क्यांनी घटला. दोन टक्के हा आकडा एका घराला क्षुल्लक आणि एका शहराला मोठा, पण तो महिन्यामागून येणाऱ्या कागदाचा आकडा आहे. त्याआधी कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस गावी झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले होते की, शेजाऱ्यांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्यांना तसे कळवले की त्यांचा वापर उलट वाढतो, कारण आपण उगाच काटकसर करतो आहोत असे त्यांना वाटू लागते. त्या आकड्याशेजारी एक हसरा चेहरा काढला तेव्हा ही उलटी चाल थांबली. याच्या तुलनेत झुरिच येथे सुमारे सातशे घरांत झालेला, २०१६ च्या सुमारास प्रसिद्ध झालेला व्हेरेना टिफेनबेक आणि सहकाऱ्यांचा प्रयोग पाहावा. त्यांनी न्हाणीघरातील शॉवरलाच एक छोटे यंत्र बसवले, आणि अंगावर पाणी पडत असतानाच किती पाणी व किती ऊर्जा गेली ते त्यावर दिसत राहिले. त्या एका कामासाठी लागणारी ऊर्जा बावीस टक्क्यांनी उतरली.

दोन आणि बावीस. या दोन आकड्यांमधील अंतर हाच या विषयाचा गाभा आहे. पहिला आकडा घरातील सगळ्या विजेचा आणि दुसरा एकाच कामाच्या ऊर्जेचा आहे, पण माहिती दोन्हीकडे होती. मोठा फरक हा की एके ठिकाणी आकडा महिना उलटल्यावर टेबलावर आला आणि दुसऱ्या ठिकाणी तो नळाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे, नळ उघडा असताना आला. आकडा वेळेवर आणि त्या कृतीच्या धन्याकडे पोचला पाहिजे.

आता या कसोटीवर रायपुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाचे घर तपासून पाहावे. मीटर बहुधा आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावे असतो, आणि नाव बदलून घेण्याचे काम वर्षानुवर्षे ‘या सुट्टीत करू’ या सदरात पडलेले असते. त्या जोडणीला जो मोबाईल क्रमांक नोंदलेला असतो तो पुष्कळदा पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाचा असतो, कारण बिल ऑनलाइन तोच भरतो. वीज कंपनीचा संदेश पुण्याच्या हिंजवडीतल्या एका कार्यालयात वाजतो. रायपुरात कूलरची टाकी भरणारी, त्याची मोटर चालू करणारी आणि दुपारी खोलीचा दरवाजा ढकलून ठेवणारी आई त्या संदेशापासून हजारभर किलोमीटर दूर असते. मुलगा बिल भरतो आणि ‘या महिन्यात बिल जास्त आलंय’ एवढे फोनवर सांगतो. ‘उन्हाळा आहे,’ असे उत्तर मिळते, आणि ते खोटेही नसते. ‘मोर बिजली’ ॲपवर बिल भरता येते, मागील महिन्यांचा वापर पाहता येतो, वीज गेल्याची तक्रार नोंदवता येते. या सर्व सोयी चांगल्याच आहेत, पण त्यांतील ‘मोर’ नेमके कोणाचे, हा प्रश्न ॲपने विचारलेला नाही. एका जोडणीला दोन क्रमांक नोंदवण्याची साधी तरतूद, त्यांतील एक घरात राहणाऱ्या आणि घर चालवणाऱ्या व्यक्तीचा असावा असा आग्रह, आणि संदेशाची भाषा निवडण्याची मुभा, या तीन गोष्टींना तंत्रज्ञान म्हणावे इतक्याही त्या अवघड नाहीत.

छत्तीसगडातील वीजग्राहकाला गेल्या काही वर्षांत ज्या आकड्याने खरोखर हलवले तो आकडा पर्यावरणाच्या कोणत्याही ॲपने दिलेला नव्हता. १ मार्च २०१९ पासून राज्यात घरगुती ग्राहकांना ४०० युनिटांपर्यंतच्या वापरावर निम्मे बिल माफ करणारी योजना होती, जिला लोक सरळ ‘हाफ बिजली बिल’ म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये ही मर्यादा १०० युनिटांवर आणली गेली, आणि लोकांच्या नाराजीनंतर डिसेंबर २०२५ पासून ती २०० युनिटांवर गेली. या तीन रेषांचा सवयींवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी कागद-पेन्सिल पुरेशी आहे. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, म्हणजे असे तीन पंखे रोज बारा तास फिरले की महिन्याला ८१ युनिटे होतात. त्यात फ्रिजची पंचवीसतीस युनिटे मिळवली की शंभराची रेषा ओलांडली जाते; दिवे, टीव्ही, मिक्सर आणि पाण्याची मोटर यांचा हिशेब अजून सुरूही झालेला नसतो. चारशेच्या रेषेत एक एसी जपून चालवणारे घरही मावत होते, त्यामुळे ती रेषा कोणाला टोचत नव्हती. शंभराची रेषा इतकी खाली होती की मध्यमवर्गीय घराने ती गाठण्याचा विचारही सोडून द्यावा. सवय बदलते ती आवाक्यातल्या रेषेपाशी. त्या दृष्टीने दोनशेचा आकडा, तो कोणत्याही राजकीय हिशेबाने आलेला असो, सवयींच्या दृष्टीने तिघांत सर्वांत सुजाण आहे.

येथे पंख्याचा धागा पुढे नेला पाहिजे. बीएलडीसी पंखा, म्हणजे ज्याच्या मोटरीत घासणारे ब्रश नसून इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते तो, तेवढाच वारा सुमारे ३० वॉटमध्ये देतो. तसे तीन पंखे बारा तास फिरले तर महिन्याला ८१ ऐवजी सुमारे ३२ युनिटे लागतात. मार्च ते ऑक्टोबर हे आठ महिने धरले तर एका घरात सुमारे ३९० युनिटे वाचतात, म्हणजे पावणेतीनशे किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जवळपास १२० लिटर पेट्रोल. पंख्यांना ऊर्जा-तारांकन, अर्थात ऊर्जा दक्षता ब्युरोची एक ते पाच तारे देणारी चिठ्ठी, १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली आणि ती चिठ्ठी मोबाईलवर पडताळून पाहण्याची सोयही आहे. पण दुकानात पंखा बदलायला माणूस जातो तो जुना पंखा जळाल्यावर, भर एप्रिलमध्ये, घामाघूम होऊन, आणि दुकानदार जो पुढे करील तो घेऊन येतो. दुप्पट किंमत दिसते, आठ महिन्यांची बचत दिसत नाही. ‘तुमच्या घरी पंख्यांचा वापर अंदाजे इतका आहे, तीन पंखे बदलल्यास आपण दोनशेच्या आत याल,’ असा एक संदेश फेब्रुवारीत, बिलाबरोबर, रुपयांच्या भाषेत पाठवणे हे पर्यावरणदिनाच्या शंभर शुभेच्छा-संदेशांपेक्षा अधिक मोलाचे काम ठरेल. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले; त्या दिव्यांनी कोणाचीही सवय बदलली नाही, बटण दाबायचे तेच राहिले, वस्तू बदलली. सवयीला हात न लावता मधली वस्तू बदलून टाकण्याची ही वाट डिजिटल साधनांचे पुरस्कर्ते विसरतात.

महाराष्ट्रात महावितरणने दुसरा मार्ग धरला. स्मार्ट मीटर, म्हणजे ठरावीक मिनिटांनी वापराची नोंद करून ती आपोआप कंपनीकडे पाठवणारा मीटर, ज्या घरगुती ग्राहकांकडे बसला आहे त्यांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील विजेवर युनिटामागे ८० पैसे ते एक रुपया सवलत मिळू लागली. दिवसा सौरऊर्जेची वीज भरपूर असते आणि रात्री कोळशावर भार पडतो, म्हणून वापर दिवसाकडे सरकवणे हा कार्बन घटवण्याचाच एक प्रकार आहे, आणि वेळेनुसार नोंद ठेवणाऱ्या मीटरखेरीज त्यासाठी सवलत देता येत नाही. परंतु कपडे धुण्याचे यंत्र एका फेरीला अर्धे युनिट घेत असेल, तर ती फेरी रात्री नऊऐवजी दुपारी लावून चाळीस-पन्नास पैसे वाचतात, आणि दोघेही नोकरीवर जाणाऱ्या घरात चाळीस पैशांसाठी कोणी वेळापत्रक मोडणार नाही, मोडूही नये. या सवलतीला अर्थ येतो तो विजेवर चालणारी गाडी भरताना, किंवा गृहनिर्माण संस्थेच्या पाण्याच्या मोटरी चालवताना. मोटर केव्हा लावायची हे एक माणूस ठरवतो आणि साठ घरांचा वापर सरकतो. अशा जागा शोधून तेथे संदेश पाठवावा, साठ घरांना साठ उपदेश करण्यापेक्षा ते बरे.

याच विचाराची पुढची पायरी म्हणजे ज्याला ‘पूर्वनिश्चित पर्याय’ म्हणता येईल ती व्यवस्था : माणसाने काहीच केले नाही तर जे आपोआप घडते ते. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांच्या २००८ च्या ‘नज’ या पुस्तकानंतर हा विचार धोरणकर्त्यांत रुळला. भारतात जानेवारी २०२० पासून तारांकित एसी चालू करताच २४ अंशांवर लागावा असा नियम झाला, आणि एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. ग्राहकाने काहीही न करता हे काम होते, आणि ज्याला अठरा अंशच हवेत त्याचे स्वातंत्र्यही शाबूत राहते. खाद्यपदार्थ घरपोच देणाऱ्या झोमॅटोने २०२१ मध्ये प्लॅस्टिकचे काटेचमचे मागितल्याशिवाय न देण्याचे ठरवले. चीनमधील अशाच एका सेवेचा अभ्यास २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, त्यात काटेचमचे नको म्हणणाऱ्या मागण्यांचे प्रमाण ६४८ टक्क्यांनी वाढल्याचे नोंदले आहे. लोक अचानक सद्गुणी झाले नाहीत. मुख्यतः आधीपासून खूण कोठे केलेली आहे ते बदलले.

त्याच चीनमध्ये अलीपे या ऑनलाइन पैसे देण्याच्या ॲपने २०१६ मध्ये ‘अँट फॉरेस्ट’ हा खेळ सुरू केला. पायी चालले, मेट्रोने गेले, बिल ऑनलाइन भरले की हिरवे गुण मिळतात आणि पुरेसे गुण साठले की वायव्येकडील रुक्ष प्रदेशात खरे झाड लावले जाते. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान मिळाला तेव्हा त्याचे वापरकर्ते सुमारे पन्नास कोटी होते. पुढे भारतातही गुण, पदके आणि ई-शपथा यांचे पीक आले. २० ऑक्टोबर २०२२ रोजी केवडिया येथे आरंभ झालेल्या ‘मिशन लाइफ’मध्ये पंचाहत्तर कृतींची यादी आहे, ‘माझी वसुंधरा’तही ई-शपथ होती. मात्र त्या अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच शीर्षकांखाली नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांची जी गुणांकित स्पर्धा लागली तिचा जोर शपथांपेक्षा अधिक होता, कारण स्पर्धेत कोणीतरी येऊन काम तपासत होते. शपथेला तपासनीस नसतो. बोटाच्या एका स्पर्शाने घेतलेली शपथ दुसऱ्या स्पर्शाने विसरली जाते.

गुणांच्या खेळात आणखी एक खोट आहे, आणि मराठीत तिच्यासाठी म्हण आयतीच तयार आहे : एकादशी आणि दुप्पट खाशी. वर उल्लेखिलेल्या टिफेनबेक यांनीच अमेरिकेतील एका गृहसंकुलात केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या रहिवाशांना पाणी वाचवण्याचे आठवड्यावार आकडे दिले त्यांनी पाणी सहा टक्के कमी वापरले आणि वीज साडेपाच टक्क्यांच्या वर जास्त वापरली. एका पुण्याची दुसरीकडे सूट घेतली गेली. कागदी बिल बंद करून ईमेलवर बिल घेणाऱ्याला महावितरण सवलत देते, आणि कागद वाचतो हे खरेच. पण त्या एका कागदामागचा कार्बन काही ग्रॅमांत मोजावा लागतो आणि एका युनिटामागचा सातशे ग्रॅमांत. ज्या ग्राहकाला ईमेलच्या बिलाने आपण पर्यावरणाचे देणे फेडले असे वाटले त्याचे बिल वाचायचेच राहून गेले, तर हा सौदा तोट्याचा झाला. कागदी बिल निदान फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली महिनाभर दिसत असे.

हे सर्व ज्या खांबावर उभे आहे तो विश्वासाचा. मराठी वीजव्यवहारात ‘आकडा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक मीटरवरचा, दुसरा चोरून वीज घेण्यासाठी तारेवर टाकलेला. दोहोंतही अविश्वासाचा वास आहे. नवा मीटर बसला की ‘मीटर पळतोय’ ही तक्रार महाराष्ट्रात आणि छत्तीसगडात सारख्याच शब्दांत ऐकू येते, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात प्रीपेड स्मार्ट मीटरविरुद्ध असंतोष इतका वाढला की सामान्य घरगुती ग्राहकांवर ते लादले जाणार नाहीत असे शासनाला जाहीर करावे लागले. केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण योजनेत २५ कोटी मीटरांचे उद्दिष्ट आहे, पण ज्या मीटरवर ग्राहकाचा विश्वास नाही त्याने सुचवलेली काटकसर तो कशाला मानील? पुण्याच्या प्रयास या संस्थेने २००७ मध्ये ग्राहकाच्या बाजूने वीजपुरवठ्याच्या नोंदी ठेवण्यास सुरुवात केली; कंपनीखेरीज कोणीतरी मोजणारे असले की चर्चा आरोपांवरून आकड्यांवर येते. शिवाय दर अर्ध्या तासाचा वापर ज्याला दिसतो त्याला घरात माणसे केव्हा नसतात हेही दिसते. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा पुस्तकात आहे. हे आकडे कोणाला, किती काळ आणि कशासाठी दिले जातील, हे ग्राहकाच्या भाषेत एका पानावर लिहून देणे वीज कंपन्यांना जमले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर रायपूरमध्ये एक साधन असे आहे की जे कोणाच्याही उपदेशाशिवाय सवय बदलते आहे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या छतावरील सौरसंचाला केंद्राचे ७८ हजार रुपये मिळतात आणि छत्तीसगड सरकारने त्यात ३० हजारांची भर घातली आहे. असा संच महिन्याला साधारण ३०० ते ३६० युनिटे देतो आणि त्याच्यासोबत येणारे ॲप दर थोड्या मिनिटांनी छतावर किती वीज तयार होते आहे ते दाखवते. ज्या घरात हे ॲप आले तेथे ‘ऊन चांगलं आहे, मोटर आत्ताच लावून घे’ हे वाक्य ऐकू येऊ लागते. आकडा वेळेवर आला, घरातल्याच माणसाकडे आला, आणि त्या आकड्याला ‘मोर’ म्हणण्यात खोटेपणा उरला नाही. अर्थात हे ज्याचे छत त्याला. तेलीबांध्याच्या आसपास बहुमजली इमारतींतील भाडेकरूंना आणि पत्र्याच्या घरांना सौरसंच बसेल असे स्वतःचे छत नाही, आणि त्यांच्यासाठी सामाईक सौरसंचातील हिस्सा बिलात वळता करण्याची वाट मोकळी झाल्याखेरीज ही सर्व चर्चा गच्चीवाल्यांची चर्चा राहील.

तोवर जे प्रत्येकाच्या हातात आहे ते करून पाहावे. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी एखादी रविवारची सकाळ यासाठी द्यावी, प्रत्येक घराने गेल्या बारा महिन्यांची बिले बरोबर आणावीत, ॲपवर असतील तर ती कागदावर उतरवून आणावीत, आणि घर चालवणाऱ्या व्यक्तीने स्वतः, मुलाने किंवा सुनेने नव्हे, मे महिन्याच्या युनिटांतून डिसेंबरची युनिटे वजा करावीत. उरेल तो त्या घराचा उन्हाळा आहे. पंखा, कूलर आणि एसी यांत तो कसा वाटला गेला आहे हे तेथेच बसून लिहावे, आणि पुढचा एप्रिल येण्याआधी त्यांतली कोणती एक वस्तू बदलायची ते ठरवून उठावे.